बिनखिळ्याची खुर्ची

मराठी भाषेत खुर्चीइतकी बदनाम झालेली दुसरी लाकडी वस्तू नसेल. पाट, चौरंग, पाळणा, झोपाळा यांच्याभोवती कितीतरी मायेचे अर्थ गोळा झाले आहेत. खुर्चीभोवती मात्र गोळा झाली ती माणसे, आणि तीही एकमेकांना ढकलणारी. खुर्चीचा मोह, खुर्चीची ओढाताण, खुर्चीला चिकटून बसणे, खुर्ची डळमळणे, एवढ्या चार शब्दप्रयोगांवर आमच्या वर्तमानपत्रांचा निम्मा प्रपंच चालतो. शब्दही मूळचा आपल्या घरचा नव्हे. अरबीतला 'कुर्सी' फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात उतरला आणि मराठी जिभेवर येताच 'खुर्ची' झाला. आपल्या आजोबा-पणजोबांचे बसणे म्हणजे सतरंजी, लोड, तक्क्या, नाहीतर पाट. खुर्ची आली ती कचेरीबरोबर आणि साहेबाबरोबर. त्यामुळेच की काय, कोणाला खुर्ची मिळाली आणि कोणाची गेली याची खडान्‌खडा माहिती आपल्याला असते. पण ती होते कशी, तिचा पाय आडव्या दांड्याला धरून का राहतो, असे कोणी विचारले तर आपण आढ्याकडे पाहू लागतो.

ज्या खुर्चीची हकिकत येथे सांगायची आहे ती या साऱ्या बदनामीपासून दूर आहे. तिच्यात एकही खिळा नाही, स्क्रू नाही. सांध्यांची भिस्त सरसावरही नाही. ती कारखान्यात होत नाही, आणि ती करणारा बहुधा सुतारही नसतो. कोणी वकील असतो, कोणी परिचारिका, कोणी शाळामास्तर, कोणी नुकताच पेन्शनीत निघालेला इंजिनियर. अशी सहा-आठ माणसे एखाद्या रानाच्या कडेला छपराखाली जमतात, पाच-सहा दिवस खपतात, आणि पहिल्या दिवशी ज्या ओंडक्यावर साल होती त्याची खुर्ची करून शेवटच्या दिवशी तिच्यावर बसतात. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत गेली चाळीसहून अधिक वर्षे अशा कार्यशाळा भरत आल्या आहेत.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला या सुतारकामाचे काय, असे वाचक विचारतील. पण शिकवणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि त्या धंद्याविषयी या खुर्चीच्या गोष्टीत जेवढे सापडले तेवढे शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत क्वचितच सापडते.

चित्रातली आणि खेड्यातली

ही खुर्ची तुम्ही पाहिलेली आहे. निदान चित्रात तरी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1888 साली फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल गावी असताना एका पिवळ्या खुर्चीचे चित्र काढले. लाल फरशीवर एक साधीसुधी खुर्ची, तिच्यावर चिलीम आणि तंबाखूची पुडी. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चार पाय, पायांना जोडणारे आडवे दांडे, पाठीला शिडीसारख्या पट्ट्या आणि गवताने विणलेली बैठक. युरोपातल्या खेड्यापाड्यांत शेकडो वर्षे गरिबाघरी जी खुर्ची असे ती हीच. अमेरिकेत शेकर नावाच्या पंथाच्या लोकांनी तिला आणखी सडपातळ आणि हलकी केली. झाडलोट करताना ते लोक आपल्या खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून ठेवत. यावरून तिच्या वजनाची कल्पना यावी. या जातीची चांगली खुर्ची दोन किलोंच्या आतबाहेर भरते; आपल्या घरातली मोठी पितळी कळशी तिच्याहून जड असेल.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यात बॉसबरी नावाचे खेडे आहे. तेथे फिलिप क्लिसेट नावाचा खुर्ची करणारा राहत असे. जन्म 1817 चा, मृत्यू 1913 चा. म्हणजे शंभरीला चार पावले कमी. ॲश नावाच्या झाडाचे ओले लाकूड फोडायचे, पायाने चालणाऱ्या लेथवर ते कातायचे आणि खुर्च्या जुळवायच्या, हा त्याचा जन्माचा व्यवसाय. त्याच्या हयातीतच इंग्लंडमध्ये खुर्च्यांचे कारखाने उभे राहिले होते. हाय विकम हे शहर तर खुर्च्यांचे आगरच बनले होते. तेथे जवळच्या बीच वृक्षांच्या रानात बसून एक जण जन्मभर फक्त पाय कातत असे. त्याला 'बॉजर' म्हणत. बैठक करणारा वेगळा, जुळवणी करणारा वेगळा. हजारो खुर्च्या तयार होत; पण ही माझी खुर्ची, असे छातीला हात लावून कोणीच म्हणू शकत नसे.

क्लिसेट सबंध खुर्ची एकट्याने करी. जेम्स मॅक्लॅरन नावाच्या वास्तुशिल्पकाराच्या नजरेस त्या खुर्च्या पडल्या. पुढे लंडनच्या 'आर्ट वर्कर्स गिल्ड' या संस्थेने आपल्या सभागृहासाठी त्याच्याकडून खुर्च्या घेतल्या. तेथे त्या पाहिल्या अर्नेस्ट जिम्सन या तरुण वास्तुशिल्पकाराने. हा विल्यम मॉरिसच्या विचारांनी भारलेला होता. पाहून, वाहवा करून तो थांबला नाही. 1890 साली तो बॉसबरीला गेला आणि काही आठवडे त्या त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याजवळ बसून खुर्ची करायला शिकला. शहरातला शिकलेला, नकाशे काढणारा पंचवीस वर्षांचा तरुण. गुरू खेड्यातला हातावर पोट असणारा कारागीर. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती.

त्या काही आठवड्यांचे फळ पाहा. जिम्सनने पुढे एडवर्ड गार्डिनर या तरुणाला या कामाला लावले. गार्डिनरकडे 1939 साली नेव्हिल नील उमेदवारी करू लागला. गार्डिनर 1958 साली वारला, पण नीलने काम चालू ठेवले. 1966 साली नीलचा मुलगा लॉरेन्स बापाच्या हाताखाली आला आणि वॉरिकशरमधल्या स्टॉकटन गावी बापामागेही तो त्याच घाटाच्या खुर्च्या करत राहिला. उतारवयात त्यानेही नवे उमेदवार हाताशी घेतले. क्लिसेटपासून आजपर्यंत पाच-सहा माणसांची ही साखळी आहे. मधली एक कडी निसटली असती तर खुर्च्या संग्रहालयात राहिल्या असत्या आणि करण्याची रीत मातीत गेली असती.

वकिलाने दाखवलेली वाट

ही झाली गुरु-शिष्य परंपरा. पण ज्याला सुतार व्हायचे नाही, फक्त एकदा आपल्या हाताने खुर्ची करून पाहायची आहे, त्याने काय करावे? ही वाट मोकळी केली अमेरिकेतल्या एका वकिलाने. बाल्टिमोरच्या जेनी अलेक्झांडर (1930–2018) यांचे त्या वेळी जगाला ठाऊक असलेले नाव जॉन होते. व्यवसाय वकिली, तरुणपणीचा छंद जॅझ संगीताचा, आणि मनाला लागलेला ध्यास जुन्या खुर्च्यांचा. शंभर-शंभर वर्षे वापरूनही या खुर्च्यांचे सांधे खिळखिळे का होत नाहीत, हे कोडे सोडवण्यात त्यांनी वर्षे घालवली. 1978 साली त्यांचे 'मेक अ चेअर फ्रॉम अ ट्री' हे पुस्तक निघाले. 'झाडातून खुर्ची काढा' असे त्याचे मराठी करता येईल. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात ड्रू लँग्झनर आणि त्यांच्या पत्नी लुईस यांनी 'कंट्री वर्कशॉप्स' ही शाळा काढली. लवकरच अलेक्झांडर तेथे शिकवू लागल्या. ती शाळा 2017 पर्यंत चालली. तेथे शिकून गेलेल्यांनी आपापल्या गावी जाऊन आणखी शाळा काढल्या.

इंग्लंडात माइक ॲबट यांनी हेच काम केले. 1989 साली त्यांचे 'ग्रीन वुडवर्क' हे पुस्तक आले, आणि हेरफर्डशरमधल्या ज्या रानात ते पुढे शिबिरे भरवत त्याला त्यांनी नाव दिले 'क्लिसेट वुड'. ज्या म्हाताऱ्याला जन्मभर आसपासच्या चार गावांपलीकडे फारसे कोणी ओळखत नव्हते, त्याच्या नावाचे रान झाले.

पाचर, घोडा आणि लेथ

आता प्रत्यक्ष कार्यशाळेत चला.

पहिल्या दिवशी समोर असतो ओंडका. ॲशचे झाड आपल्याकडे मैदानात दिसत नाही, पण ते परकेही नाही. पारिजातक आणि जाई-जुई यांच्याच कुळातले आहे. क्रिकेटच्या यष्ट्या पूर्वीपासून याच लाकडाच्या करत. लाकूड सरळ दोऱ्याचे, चिवट आणि झटका सोसणारे. ओंडका निवडायचा तो गाठी नसलेला आणि नुकता तोडलेला. म्हणजे इतका ओला की लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेकडा 45 च्या आसपास त्यात पाणीच असते.

आपण समजतो की सुतारकाम करवतीने सुरू होते. येथे करवत बाजूला ठेवतात आणि पाचर हाती घेतात. 'पाचर मारणे' या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत अगदी वाईट अर्थ चिकटला आहे. येथे तो खुर्चीचा पहिला संस्कार आहे. पाचर ठोकली की ओंडका कडकड आवाज करत उभा फाटतो. मग अर्ध्याचे अर्धे आणि पावाचे पाव. नियम एकच: प्रत्येक वेळी बरोबर मधोमध फोडायचे. एक बाजू जाड आणि दुसरी बारीक राहिली की चीर बारीक बाजूकडे पळू लागते. तशी ती पळू लागलीच तर जाड बाजू दाबून वाकवायची, म्हणजे चीर पुन्हा मध्यावर येते. हे पुस्तकात वाचले तर जादूटोणा वाटेल. हाताने एकदा केले की कळते.

फोडण्याचे कारण असे की, करवत लाकडाचे दोरे पाहत नाही. ती सरळ रेषेत जाते आणि वाटेत येणारा दोरा कापते. पाचर मात्र दोऱ्यादोऱ्याच्या मधून वाट काढते. त्यामुळे फोडलेल्या दांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरे अखंड राहतात. म्हणूनच बोटाएवढा बारीक दांडासुद्धा माणसाचे वजन पेलतो आणि म्हणूनच सबंध खुर्ची इतकी हलकी करता येते.

मग येतो 'घोडा'. हा एक बाक असतो. त्यावर टांग टाकून बसायचे, पायाने खालची दांडी रेटायची, की समोरचा लाकडी जबडा फोडलेली काठी घट्ट धरतो. दोन्ही टोकांना मूठ असलेले पाते आपल्या छातीकडे ओढायचे. ओले लाकूड मुळ्यासारखे तासले जाते. लांबलचक साली निघतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे पाय त्यांत घोट्यापर्यंत बुडतात. पाय जितक्या जोराने रेटाल तितकी पकड घट्ट, आणि पाय सैल सोडला की काठी लगेच मोकळी. ज्याने आजवर पेनाखेरीज काही धरले नाही तो माणूसही तासाभरात येथे रुळतो.

इंग्लंडमधल्या शिबिरांत बऱ्याच ठिकाणी लेथही चालवतात. वर एक लवचीक लांब काठी, खाली पायाची फळी, मध्ये दोरी. त्या दोरीचा वेढा लाकडाला. पाय खाली दाबला की लाकूड आपल्याकडे फिरते, पाय उचलला की वरची काठी ते उलटे फिरवते. पटाशी लावायची ती पाय खाली जातानाच. आपल्याकडचे कातारीही दोरी ओढून पुढेमागे फिरणाऱ्या लेथावर काम करत आले आहेत. हात परके असतील. युक्ती सख्खी बहीण आहे.

मागचे दोन पाय पाठीला रेलता यावे म्हणून वाकवायचे असतात. लाकूड इंचाला तासभर या हिशेबाने वाफेत ठेवतात, बाहेर काढतात, आणि ते गरम आहे तोवर साच्यात बसवतात. त्याला मिनिटभराचीही सवड नसते. एक जण पेटी उघडतो, दुसरा काढतो, दोघे वाकवतात, चौथा पाचर ठोकतो. एकट्याला हे जमणे कठीण. शिबिरात आलेली अनोळखी माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागतात ती बहुधा या वाफेच्या पेटीपाशी.

सांध्याचे रहस्य

आता त्या वकिलाच्या कोड्याकडे येऊ. खिळ्याविना सांधा टिकतो कसा?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चटकन उमगेल. धाव विस्तवात लाल करतात, ती फुगते. मग चाकावर चढवून वर पाणी ओततात, ती आकसते आणि सगळे पाटे-आरे जखडून टाकते. येथे लोखंड नाही आणि विस्तवही नाही. येथे आकसते ते लाकूडच, आणि ते आकसते पाणी गेल्यामुळे.

लाकूड वाळले की बारीक होते. पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. वाढीच्या वलयांच्या अनुरोधाने ॲश शेकडा 8 च्या आसपास आकसते, गाभ्याकडून सालीकडे शेकडा 5 च्या आसपास, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. या तीन आकड्यांत सगळी खुर्ची आली. आडवे दांडे आधीच उबदार पेटीत ठेवून खडखडीत वाळवतात. पाय मात्र थोडे ओलसर ठेवतात. सव्वा-दीड इंच जाडीच्या पायात पाच अष्टमांश इंचाचे, सुमारे इंचभर खोल भोक पाडतात, आणि दांड्याचे कूस त्या भोकापेक्षा केसभर जाड ठेवून ठोकून बसवतात. पुढे काय होते? कोरडा दांडा आजूबाजूची ओल पिऊन किंचित फुगतो. ओलसर पाय महिन्या-दोन महिन्यांत वाळतो आणि दांड्याभोवती आवळला जातो. करणारा खुर्ची घरी घेऊन जातो, आणि तिच्यावर बसून चहा पीत असताना ती आपली आपण घट्ट होत असते.

एवढ्यावर भागत नाही. पाऊस आला, उन्हाळा आला की लाकूड पुन्हा थोडे हलणारच. म्हणून दांड्याची जास्त हलणारी बाजू पायाला आडवी ठेवतात आणि कमी हलणारी पायाच्या उभ्या लांबीला धरून. कारण पाय लांबीने हलत नाही. तेथे दांडाही जितका कमी हलेल तितके बरे. शिवाय पुढचे आणि मागचे दांडे आधी बसवून मग बाजूच्या दांड्यांची भोके अशी पाडतात की त्यांची कड आधीच्या कुसाला थोडीशी खाऊन जाते. बाजूचा दांडा त्या खाचेत बसला की पहिल्या कुसाला कुलूप लागले. आता ते बाहेर यायचे तर पायच फुटायला हवा. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

जुन्या कारागिरांना शेकडेवारी ठाऊक नव्हती, पण कोणता दांडा कधी वाळवायचा आणि कसा फिरवून बसवायचा हे ठाऊक होते. ते त्यांनी लिहून ठेवले नाही. त्यांना विचारायला कोणी आलेच नव्हते.

चूप बसणारे मास्तर

माझ्यासारख्याचा धंदा तोंडाचा. वर्गात मी बोलतो, विद्यार्थी लिहून घेतात, आणि ते लिहिलेले वर्षअखेर मला परत देतात. या देवघेवीला आम्ही शिक्षण म्हणतो. खुर्चीच्या कार्यशाळेत मास्तर थोडे बोलतात. एकदा करून दाखवतात आणि बाजूला होतात. अडलेल्याजवळ येतात, पात्याचा कोन बोटाने जरासा बदलतात, आणि पुढे जातात. बरोबर आले हे मास्तरांनी सांगायचे नसते, लाकूडच सांगते. दोऱ्याच्या विरुद्ध पाते ओढले तर ते लाकडात घुसते, दोऱ्याबरोबर ओढले तर रेशमासारखी साल निघते. यापेक्षा चोख परीक्षक मी पाहिलेला नाही. त्याला वशिला चालत नाही आणि तो कोणाचा अपमानही करत नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. पायाला भोक पाडताना गिरमिट नेमक्या कोनात धरावे लागते, कारण खुर्ची पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. गिरमिट फिरवणाऱ्याला स्वतःला फक्त एका बाजूचा कोन दिसतो. ते वर चालले की खाली हे त्याला कळत नाही. म्हणून दुसरा एक जण बाजूला उभा राहतो आणि सांगतो, "थोडे वर... आता खाली... बस." मग दोघे जागा बदलतात. प्रत्येकाची खुर्ची त्याची स्वतःची, पण प्रत्येकीत शेजाऱ्याची नजर उतरलेली असते. आमच्या परीक्षेत शेजाऱ्याकडे पाहणे हा गुन्हा. येथे शेजाऱ्याने पाहिले नाही तर खुर्ची वाकडी.

शेवटी बैठक. अमेरिकेत हिकरी झाडाची आतली साल वापरतात. ती वसंतात, झाडात रस चढतो तेव्हाच नीट सुटते. इंग्लंडात लव्हाळ्याच्या कुळातले नदीकाठचे उंच गवत वापरतात. ते उन्हाळ्यात कापून वाळवायचे, विणण्याआधी भिजवायचे, आणि पीळ देत देत चारही दांड्यांवरून फिरवायचे. चार बाजूंनी चार त्रिकोण वाढत येतात आणि मध्यावर भेटतात.

मग हे कशासाठी?

व्यवहारी वाचकाने आतापर्यंत हिशेब मांडला असेल. पाच-सहा दिवस मेहनत करायची, वर शिबिराची फी भरायची, आणि मिळवायची काय तर एक खुर्ची! बाजारात प्लास्टिकची खुर्ची किती स्वस्त मिळते आणि ती लग्नाच्या मांडवात एकावर एक वीस रचता येते. हिशेब खोटा नाही. शिवाय त्याला आणखी एक रकाना जोडायला हवा. क्लिसेट पोटासाठी खुर्च्या करी. फी भरून शिबिराला येणाऱ्याचे पोट आधीच भरलेले असते. गरिबाची विद्या सुखवस्तूचा छंद झाली, असा कोणी टोमणा मारला तर तो अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही.

तरी माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. इंग्लंडमधल्या 'हेरिटेज क्राफ्ट्स' संस्थेने 2017 साली मरणपंथाला लागलेल्या हस्तकलांची पहिली यादी काढली. त्या देशातून जे उद्योग नाहीसेच झाले म्हणून तीत नोंदले होते त्यांत हाताने क्रिकेटचा चेंडू शिवणे हा एक होता! ज्या देशाने जगाला तो खेळ दिला त्या देशात चेंडू शिवणारा उरला नाही. तेथे चेंडू हवे होते, पैसाही होता. शिकायला शेजारी बसणारा नव्हता. खुर्ची त्या यादीच्या वाटेने गेली नाही याचे श्रेय जसे नील बापलेकांना आहे, तसेच या शिबिरांतल्या हौशी माणसांनाही आहे. ज्याने एकदा दांडा फोडून पाहिला त्याला कारागिराच्या खुर्चीची किंमत का जास्त असते हे समजावून सांगावे लागत नाही. हौशी माणूस कारागिराचे पोट भरू शकत नाही. पण त्याचे जाणते गिऱ्हाईक होऊ शकतो. उमेदवारीने हात टिकतो आणि शिबिरांनी कदर टिकते. एकाला दुसऱ्याची गरज आहे.

आता संकट आले आहे ते झाडावरच. ॲशला मारणारा एक बुरशीचा रोग 2012 साली ब्रिटनमध्ये आढळला आणि तो देशभर पसरला. अमेरिकेत 2002 साली सापडलेल्या एका हिरव्या किड्याने कोट्यवधी ॲश झाडे मारली आहेत. खुर्ची करणारे आता ओक आणि इतर झाडांकडे वळत आहेत. लाकूड बदलले तरी दोरा ओळखणे, मधोमध फोडणे, ओल्यासुक्याचा मेळ घालणे, ही रीत तीच राहील. ती हातात आहे तोवर माणूस नवे झाड शोधील.

या गोष्टीचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत आला आहे. जिम्सन ज्या मॉरिसचा चाहता, तो मॉरिस जॉन रस्किनच्या विचारांवर वाढलेला. त्याच रस्किनचे 'अनटू धिस लास्ट' हे पुस्तक गांधीजींनी 1904 साली दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि 1908 साली 'सर्वोदय' या नावाने गुजरातीत उतरवले. पुढे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना देशापुढे ठेवली. बॉसबरीच्या छपराखाली जिम्सनने जे केले आणि सेवाग्रामच्या शाळेत जे करू पाहिले, त्यांचे मूळ एकच आहे: हाताला कळलेले डोक्याने कमी लेखू नये.

आपल्याकडे सुतार हा बलुतेदार. नांगर, पाभर, चाक, पाळणा, दार ही गावची सगळी लाकडी भाषा त्याच्या हातची. मी भाषेचा माणूस म्हणून सांगतो, वाकस, पटाशी, ओळंबा, गुण्या हे शब्द आज माझ्या वर्गात उच्चारले तर चाळीसांतले चार विद्यार्थी ओळखतात, आणि ते चारही बहुधा गावाकडचे असतात. 'काम गुण्यात आहे' असे म्हणणारा सुतार गेला की तो वाक्प्रचार कोशात राहतो आणि तोंडातून जातो. शब्द वाचवायला आम्ही परिसंवाद भरवतो. त्यापेक्षा दहा जणांनी एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या छपरात सहा दिवस बसून, त्याला त्याच्या दिवसांचा पुरा मोबदला देऊन, एक घडवंची किंवा एक चौरंग केला, तर वाकस आणि गुण्या दोन्ही आपोआप बोलू लागतील.

तूर्त एवढे करा. दिवाळीचे पाहुणे परतले, फराळाची ताटे उचलली, की घरातली एखादी जुनी लाकडी खुर्ची उलटी करून तिच्या सांध्यांकडे पाहा. खिळा दिसतो का, कूस दिसते का, दोरे कोणत्या दिशेने गेले आहेत, हे पाहा. मग ती कोणी केली होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तो मिस्त्री किंवा त्याचा मुलगा अजून काम करत असेल, तर त्याच्याकडे फराळाचा डबा घेऊन जा आणि सांधा कसा धरून राहिला हे त्याच्याच तोंडून ऐका. त्याला कोणी तरी विचारायला आले, हे त्यालाही बरे वाटेल.